विरोधी बाकावरचा शिक्षणमंत्री

१५ मार्च २००६ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजेच हाउस ऑफ कॉमन्समध्ये, शिक्षणविषयक एका महत्त्वाच्या विधेयकावर मतदान झाले. त्या वेळी टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाचे सरकार सत्तेवर होते. इंग्लंडमधील शाळांना स्थानिक प्रशासनाच्या नियंत्रणातून अधिक मोकळीक द्यावी, हा त्या विधेयकाचा गाभा होता. हा विचार खुद्द सत्ताधारी पक्षातील अनेकांना रुचला नाही आणि मजूर पक्षाच्या ५२ सदस्यांनी विधेयकाच्या विरोधात मतदान केले. तरीसुद्धा ते ४५८ विरुद्ध ११५ मतांनी दुसऱ्या वाचनात संमत झाले. विरोधी बाकांवरचा हुजूर पक्ष सरकारच्या बाजूने उभा राहिल्यामुळेच हे घडू शकले. त्याच रात्री विधेयकाच्या चर्चेचे वेळापत्रक ठरविणारा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. त्या वेळी मात्र हुजूर पक्षाने विरोधात मत दिले आणि सरकार अवघ्या १० मतांनी तरले.

एकाच रात्री, एकाच विधेयकाच्या बाबतीत, एकाच विरोधी पक्षाने घेतलेल्या या दोन भूमिका वरवर पाहता परस्परविरोधी वाटतील. वस्तुतः त्यांत सुसंगती होती. विधेयकाचा आशय आम्हाला मान्य आहे, परंतु त्याची कसून तपासणी करण्याचा सभागृहाचा वेळ आम्ही कमी होऊ देणार नाही, असा त्या मतदानाचा अर्थ होता. संसदीय विरोधी पक्षाचे काम कसे असते, याचा हा एक चांगला धडा आहे.

आपल्या धर्मग्रामांतील वाचकांना कदाचित प्रश्न पडेल की, दूरदेशीच्या या घडामोडींचा आपल्याशी काय संबंध? संबंध असा की, आपली मुले ज्या शाळांत शिकतात, त्या शाळांतील शिक्षकांची पदे, अनुदान, प्रवेशाचे नियम आणि भाषाधोरण हे सारे सरकार ठरविते. मंत्री काय करतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. परंतु मंत्र्यांच्या प्रत्येक निर्णयाचा जनतेच्या वतीने अभ्यास करणारी, चूक दिसल्यास ती पुराव्यानिशी दाखविणारी आणि पर्याय सुचविणारी व्यक्ती समोरच्या बाकावर आहे काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ब्रिटनमध्ये ही जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीवर सोपविलेली असते.

छाया मंत्र्याचे काम

ब्रिटनमधील प्रमुख विरोधी पक्ष आपले ‘छाया मंत्रिमंडळ’ नेमतो. सरकारातील प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी पक्षाचा एक छाया मंत्री असतो. शिक्षण खात्याच्या छाया मंत्र्याने शिक्षणमंत्र्यांच्या प्रत्येक निवेदनाला उत्तर द्यावे, खात्याच्या प्रश्नोत्तराच्या तासात त्यांना प्रश्न विचारावेत, विधेयकांना दुरुस्त्या सुचवाव्यात आणि आपला पक्ष उद्या सत्तेवर आला तर काय करील, याचा आराखडा तयार ठेवावा, अशी अपेक्षा असते. विधेयक समितीकडे गेले की त्याचे सहकारी एकेका कलमाचा कीस पाडतात. हे काम कष्टाचे असून त्याला प्रसिद्धी मात्र फारशी मिळत नाही.

या व्यवस्थेला पैशाचे आणि संकेतांचे पाठबळही आहे. विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन देण्याची तरतूद तेथे १९३७ च्या कायद्याने झाली. विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी व अभ्यासासाठी १९७५ पासून सार्वजनिक निधी मिळू लागला. तो सुरू करणारे मंत्री एडवर्ड शॉर्ट यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. हे शॉर्ट मूळचे शिक्षक आणि पुढे शिक्षणमंत्रीही झाले होते. सभागृहाच्या प्रत्येक सत्रात २० दिवसांचे विषय विरोधी पक्ष ठरवितात. निवडणूक जवळ आली की छाया मंत्र्यांना संबंधित खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी चर्चा करता येते. हा संकेत १९६४ पासून चालत आला आहे. ‘आजचा विरोधक हा उद्याचा मंत्री असू शकतो’ हे गृहीत धरूनच ही सारी रचना झाली आहे. छाया मंत्र्याला मात्र या पदासाठी वेगळे वेतन मिळत नाही.

तीन माणसे, तीन कसोट्या

२००५ ते २०१० या पाच वर्षांत हुजूर पक्षाच्या तीन नेत्यांनी शिक्षणाचे छाया मंत्रिपद सांभाळले. त्यांच्या वाटचालीतून या पदाच्या तीन कसोट्या स्पष्ट होतात.

पहिले डेव्हिड कॅमरून. ते मे ते डिसेंबर २००५ या काळात शिक्षणाचे छाया मंत्री होते. याच काळात ब्लेअर सरकारने शाळासुधारणेची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. डिसेंबरमध्ये कॅमरून पक्षाचे नेते झाले आणि सरकारने सुधारणा खरोखरच रेटल्या तर आपला पक्ष त्यांना पाठिंबा देईल, अशी भूमिका त्यांनी घेतली. प्रारंभी वर्णिलेले मतदान हे त्याच भूमिकेचे फळ. यात राजकीय डावपेच नव्हतेच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विरोधकांच्या मतांवर तरलेले सरकार स्वपक्षात दुबळे दिसते, हे कॅमरून यांना ठाऊक होतेच. तरीही जे आपल्याला पटले आहे, ते केवळ प्रतिपक्षाने मांडले म्हणून फेटाळायचे नाही, ही पहिली कसोटी येथे पार पडली.

दुसरे डेव्हिड विलेट्स. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन निवडक मुलांना प्रवेश देणाऱ्या ‘ग्रामर स्कूल’ नावाच्या सरकारी शाळा आहेत. त्यांपैकी १६३ शाळा शिल्लक असून हुजूर पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना त्यांचा मोठा अभिमान आहे. मे २००७ मध्ये विलेट्स यांनी एका भाषणात आपल्याच पक्षाला अप्रिय असे सत्य सांगितले. गरीब घरातील हुशार मुलांना वर येण्यासाठी या शाळांचा आता उपयोग होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या शाळांतील केवळ २ टक्के मुले मोफत भोजनास पात्र अशा गरीब कुटुंबांतील आहेत, तर त्या परिसरांतील शाळकरी मुलांत अशा मुलांचे प्रमाण १२ टक्के आहे, ही आकडेवारी त्यांनी पुढे ठेवली. पक्षात वादळ उठले. ग्रॅहम ब्रॅडी या सहकाऱ्याने आपल्या छाया पदाचा राजीनामा दिला. जुलैमध्ये फेरबदल झाले, तेव्हा विलेट्स यांच्याकडे विद्यापीठांचा विषय देण्यात आला आणि शाळांचा विषय दुसऱ्याकडे गेला. पुढे २०१६ मध्ये थेरेसा मे यांनी नव्या ग्रामर शाळांचा विचार पुन्हा मांडला. परंतु २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गमावल्यावर त्यांना तो सोडून द्यावा लागला. विलेट्स यांचे मत सर्वांना पटावे असे नाही. तथापि, सरकारला प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या पक्षालाही पुराव्याच्या आधारे प्रश्न विचारावेत, ही दुसरी आणि बहुधा सर्वांत अवघड कसोटी होय.

तिसरे मायकेल गोव्ह. जुलै २००७ पासून जवळजवळ तीन वर्षे ते छाया मंत्री होते. या काळात त्यांनी पर्यायी धोरण तयार केले. स्वीडनमधील प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन पालक, शिक्षक वा संस्थांना सरकारी खर्चाने ‘फ्री स्कूल’ काढता याव्यात, तसेच मजूर पक्षानेच सुरू केलेल्या ‘अकॅडमी’ या स्वायत्त शाळांचा मोठा विस्तार करावा, असे ते धोरण होते. मे २०१० मध्ये सत्तांतर झाले. गोव्ह शिक्षणमंत्री झाले आणि २७ जुलै २०१० रोजी अकॅडमीविषयीच्या त्यांच्या कायद्याला राजसंमती मिळाली. सप्टेंबर २०११ मध्ये पहिल्या २४ फ्री स्कूल सुरूही झाल्या. विरोधी बाकावर केलेला गृहपाठ सत्तेवर येताच किती वेगाने कायद्यात उतरू शकतो, याचे हे उदाहरण आहे. आज इंग्लंडमधील बहुसंख्य माध्यमिक शाळा अकॅडमी झालेल्या आहेत.

परंतु याच गोव्ह यांच्या बाबतीत दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जुलै २०१० मध्ये त्यांनी शाळांच्या पुनर्बांधणीचा जुना कार्यक्रम रद्द केला. त्या वेळी जाहीर केलेल्या यादीत अनेक चुका निघाल्या आणि त्यांना सभागृहाची माफी मागावी लागली. समोर छाया मंत्री म्हणून एड बॉल्स बसले होते. दोन महिन्यांपूर्वी तेच शिक्षणमंत्री होते! खात्याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस समोर असल्यामुळे नव्या मंत्र्याला एकही चूक पचविता आली नाही. भूमिका पालटल्या, तरी जनतेच्या वतीने पहारा चालूच राहिला.

मंत्री पाच, छाया मंत्री एकच

या पदाचे महत्त्व २०२२ मध्ये आणखी एका प्रकारे दिसून आले. हुजूर पक्षातील अंतर्गत उलथापालथीमुळे त्या वर्षी जुलैच्या प्रारंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ब्रिटनने पाच शिक्षणमंत्री पाहिले. नदीम झहावी, मिशेल डोनेलन, जेम्स क्लेव्हर्ली, किट माल्टहाउस आणि जिलियन कीगन. त्यांपैकी डोनेलन यांनी तर जेमतेम दोन दिवसांत राजीनामा दिला. या सर्व काळात विरोधी बाकावर मात्र एकच व्यक्ती कायम होती, ती म्हणजे मजूर पक्षाच्या ब्रिजेट फिलिप्सन. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. गरीब परिस्थितीत वाढलेल्या फिलिप्सन यांचे शालेय शिक्षण वॉशिंग्टन या इंग्लंडमधील गावातील एका कॅथलिक शाळेत झाले आणि तेथून त्या ऑक्सफर्डला गेल्या.

छाया मंत्री असतानाच त्यांनी खाजगी शाळांच्या शुल्कावर मूल्यवर्धित कर लावण्याची आणि प्राथमिक शाळांत मोफत न्याहारी देण्याची योजना मांडली. जुलै २०२४ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या. १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के कर लागू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ७५० शाळांत न्याहारीची योजना सुरू झाली. कराच्या निर्णयावर तेथे तीव्र मतभेद आहेत. लहान धार्मिक शाळांना त्याचा फटका बसेल, अशी तक्रारही झाली. परंतु मतदारांची फसवणूक झाली, असे कोणाला म्हणता येणार नाही. काय होणार आहे, हे निवडणुकीपूर्वीच लोकांसमोर होते.

कॅथलिक शाळांचा अनुभव

इंग्लंडमध्ये सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांपैकी सुमारे एक दशांश शाळा कॅथलिक आहेत. त्यामुळे या वादांचे पडसाद तेथील चर्चमध्येही उमटत असतात. ऑक्टोबर २००६ मध्ये शिक्षणमंत्री अॅलन जॉन्सन यांनी नव्या धार्मिक शाळांत २५ टक्क्यांपर्यंत जागा इतरांसाठी ठेवण्याची तरतूद करण्याचे ठरविले. तत्पूर्वी तशीच सूचना वरिष्ठ सभागृहात लॉर्ड बेकर यांनी आणली होती, आणि ते होते हुजूर पक्षाचे माजी शिक्षणमंत्री. कॅथलिक बिशप, शाळा आणि पालक यांनी ठाम विरोध नोंदविला, चर्चा केली आणि काही दिवसांतच जॉन्सन यांनी तो विचार मागे घेतला. पण पुढे २०१० च्या आघाडी सरकारने नवा नियम आणला. नव्या धार्मिक फ्री स्कूलमध्ये अर्ज जास्त आल्यास निम्म्या जागा धर्माचा विचार न करता भराव्यात, असा तो नियम. कॅथलिक मूल केवळ कॅथलिक आहे म्हणून त्याला कॅथलिक शाळेतून परत पाठविणे आम्हाला शक्य नाही, असे सांगून चर्चने अशा शाळा काढणे टाळले. मे २०२४ मध्ये हा नियम उठविण्याविषयी सरकारने लोकांची मते मागविली. दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि सरकारच बदलले.

यातून घेण्यासारखा बोध असा की, आपल्या शाळांचा कायमचा मित्र वा कायमचा शत्रू म्हणून कोणत्याही एका पक्षाकडे पाहता येत नाही. अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही प्रकारचे निर्णय दोन्ही बाकांवरून आले. म्हणूनच तेथील चर्चला मंत्र्यांइतकाच छाया मंत्र्यांशीही संवाद ठेवावा लागतो.

आपल्याकडे काय?

भारतात विरोधी पक्षनेत्याला १९७७ च्या कायद्याने मान्यता व वेतन मिळाले. परंतु छाया मंत्रिमंडळाची प्रथा मात्र रुजली नाही. महाराष्ट्रात ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने छाया मंत्रिमंडळ जाहीर केले होते. त्या वेळी या पक्षाचा विधानसभेत एकच आमदार होता आणि दोनच आठवड्यांत देशभर टाळेबंदी आली. तो प्रयोग फारसा पुढे गेला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत तर एकाही विरोधी पक्षाला विधानसभेच्या एक दशांश जागा मिळाल्या नाहीत. त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदाचाच प्रश्न निर्माण झाला.

आपल्याकडे ‘प्रवक्ता’ म्हटले की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सायंकाळी आरडाओरडा करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. विषय कोणताही असो, तोच बोलतो. शिक्षणाचा अभ्यास ही त्याची जबाबदारी नसते. अभ्यासाचे काम संसदेच्या स्थायी समित्यांनी करावे, या हेतूने १९९३ मध्ये त्यांची स्थापना झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाचे दिग्विजय सिंह यांच्याकडे आले, ही चांगली गोष्ट म्हणावी लागेल. मात्र २००९ ते २०१४ या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, ते प्रमाण २०१९ ते २०२४ या काळात सुमारे १६ टक्क्यांवर उतरले. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. ब्रिटनमधील ते ५२ सदस्य आपल्याकडे असते, तर त्यांना आपल्या जागांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागली असती.

आणखी एक अडचण महाराष्ट्रात विशेष जाणवते. शाळांचे भवितव्य ठरविणारे बहुतेक निर्णय कायद्याने होत नाहीत. ते शासननिर्णयांनी होतात. संचमान्यतेचे निकष बदलतात, एखाद्या लहान शाळेतील शिक्षकाचे पद जाते, आणि सभागृहात त्यावर एक शब्दही उच्चारला गेलेला नसतो. पहिलीपासून हिंदीचा विषयही असाच आला. १६ एप्रिल २०२५ रोजी शासननिर्णय निघाला, १७ जूनला तो सुधारण्यात आला आणि विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, २९ जून रोजी, दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमल्याची घोषणा झाली. विरोध प्रभावी ठरला, पण तो रस्त्यावर आणि प्रसारमाध्यमांत झाला. सहा-सात वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात, त्यासाठी शिक्षक कोठून आणावेत, लहान शाळांनी काय करावे, हे प्रश्न शांतपणे मांडणारा अभ्यासक त्या गदारोळात ऐकू आला नाही.

आपल्या शाळांच्या दृष्टीने तर हा विषय अधिकच निकडीचा आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो विषय मोठ्या पीठाकडे जावा, असे सुचविले. न्यायालय आपले काम करील. परंतु अल्पसंख्याक संस्थांचा हक्क आणि गरीब मुलाचा हक्क यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनीही अभ्यासला पाहिजे. आपणही तो केवळ ‘आपल्या जागा वाचतील काय’ एवढ्याच दृष्टीने पाहू नये.

गोखल्यांचा वारसा

असा अभ्यासू विरोध ही परदेशी कल्पना आहे, असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राच्या मातीत तिचे उदाहरण आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करता यावे, असा त्याचा हेतू होता. खर्च कोणी किती उचलावा, याचाही विचार त्यांनी त्यात केला होता. सरकारकडे बहुमत होते, विधेयक फेटाळले जाणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि सभागृहात त्यांनी तसे सांगितलेही. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. परंतु १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी झाला, आणि २००९ मध्ये, गोखल्यांच्या पराभवानंतर ९७ वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या संसदेने प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संमत केला.

त्या १३ मतांचे मोल त्या दिवशी कोणाला कळले नसेल. विरोधी बाकावरचे काम बहुधा असेच असते. म्हणून पुढच्या निवडणुकीत कोणत्याही पक्षाचा उमेदवार आपल्या दारी आला, तर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तुमच्या पक्षात शिक्षणाचा अभ्यास कोण करते? तुम्ही विरोधी बाकावर बसलात, तर आमच्या शाळांसाठी कोणते प्रश्न सभागृहात मांडाल? आणि सरकारचा एखादा निर्णय मुलांच्या हिताचा असेल, तर त्याला पाठिंबा देण्याचे धैर्य तुम्ही दाखवाल काय? सभामंडपासाठी वा रस्त्याच्या डांबरीकरणासाठी आपण उमेदवारांकडे आग्रह धरतो. तेवढाच आग्रह या उत्तरांसाठी धरला, तर आपल्या मुलांवर आपण मोठेच उपकार करू.